नाणं पडण्याआधीचा खेळ

संगणकावरचा पहिला गाजलेला लढाईचा खेळ कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या केंब्रिज गावी स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन या तीन मित्रांनी त्याची कल्पना रंगवली. शेजारच्या एमआयटीत पीडीपी-१ हा नवा संगणक येऊ घातला होता. त्याला गोल पडदा होता, आणि त्या पडद्यावर काहीतरी हलतं दाखवावं, एवढीच खुमखुमी. दोन अंतराळयानं, समोरासमोर, एकमेकांवर मारा करणारी. रसेल काम पुढे ढकलत राहिला. साइन-कोसाइन काढणारा प्रोग्राम हाताशी नाही, ही त्याची सबब. शेवटी अ‍ॅलन कोटोक हा दुसरा एक मित्र संगणक बनवणाऱ्या डेक कंपनीत गेला आणि तो प्रोग्राम छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवर घेऊन आला. सबब संपली, आणि १९६२ च्या सुरुवातीला ‘स्पेसवॉर’ चालू झाला.

चालू झाला म्हणजे पुरा झाला नव्हता. त्या खोलीचा रिवाज असा की लिहिलेल्या प्रोग्रामची फीत सगळ्यांसाठी ठेवून द्यायची; ज्याला वाटेल त्याने ती काढावी, वाचावी, बदलावी. पीटर सॅमसनला रसेलने पार्श्वभूमीवर उधळलेले मनमानी ठिपके बघवेनात. त्याने खरं आकाश बसवलं: तारे जिथे असतात तिथेच आणि कमी-अधिक तेजाचे. डॅन एडवर्ड्‌सला वाटलं, यानं नुसतीच तरंगतात, डावपेचाला जागा नाही. त्याने मधोमध एक तारा आणि त्याचं गुरुत्वाकर्षण घातलं. त्यासाठी संगणकाला वेळ पुरेना, तर यानं रेखाटण्याचा भाग पुन्हा लिहून वेळ वाचवला. ग्रेट्झने संकटात सापडलेल्या यानाला अदृश्य होऊन भलतीकडे उगवायची सोय दिली. संगणकाच्या पुढ्यातली बटणं दाबून कोपरं दुखू लागली, तेव्हा कोटोक आणि बॉब सॉन्डर्सने खेळायसाठी वेगळे डबे जोडून दिले. आज ज्याला आपण गेमचा कंट्रोलर म्हणतो त्याचा हा पूर्वज.

या नावांचा क्रम मी मुद्दाम दिला. खेळ सुचला तिघांना, लिहिला एकाने आणि खेळण्याजोगा केला बाकीच्यांनी. सॅमसनला आकाश बदलायची परवानगी मागावी लागली असती, तर ते आकाश आलंच नसतं. एक गोष्ट मान्य करायला हवी, की या उदारपणाला खर्चाचीही बाजू होती. पीडीपी-१ ची किंमत १ लाख २० हजार डॉलर. असे संगणक जगभरात पन्नासच्या आसपास बनले. असल्या यंत्रावर पैसे घेऊन खेळू द्यायचं कुणाच्या डोक्यात येणं कठीण. तरीही, पैसा आड आला नाही तेव्हा हा खेळ किती भराभर वाढला, याची ही नोंद खरीच राहते. फिती विद्यापीठा-विद्यापीठांत गेल्या, आणि जिथे गेल्या तिथे नवे फरक पडत गेले.

हा मागोवा मी जोयडा तालुक्यात बसून घेतो आहे. उत्तर कन्नडचा हा कोपरा गोव्याला लागून. कॅसलरॉक स्टेशन आमच्याच तालुक्यात. काळी नदीवरच्या सुपा धरणात जुनं सुपा बुडालं, तालुक्याचं सुपा हे जुनं नावही मागे पडलं, आणि उठवलेल्या माणसांतली पुष्कळशी रामनगरात वसली. धरणाच्या पायथ्याला १०० मेगावॅटचं वीजघर आहे. आजूबाजूला व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. पावसाळ्यात वीज जाते, जंगलातल्या वस्त्यांवर मोबाइलची रेंज उंचवट्यावर गेल्याशिवाय मिळत नाही. घरात कोकणी, शाळेत कन्नड किंवा मराठी, बाजारात तिन्ही. या मुलखासाठी मी एक छोटा खेळ लिहितो आहे, जुन्या आर्केड घाटाचा: जमिनीत बोगदे खणत मुडली, कणगी, सुरण असे कंद गोळा करायचे, रानडुक्कर पोचायच्या आत. कंद आणि रानडुक्कर दोन्ही इथल्या कुणबी घरांना तोंडपाठ. खेळाचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येतो तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला ठेवायचा हे पहिल्यापासून ठरलेलं. ते का ठरवलं हे सांगायचं तर खेळ बंद कसा झाला तिथून सांगावं लागतं.

तो नाण्याने बंद झाला. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल पिट्स आणि ह्यू टक यांनी ‘गॅलक्सी गेम’ मांडला. हा स्पेसवॉरच होता, फक्त त्याला नाणं टाकायची फट होती. एका डावाला १० सेंट. आत खराखुरा पीडीपी-११ संगणक बसवल्यामुळे खर्च वीस हजार डॉलरच्या घरात गेला आणि दहा-दहा सेंटांनी तो भरून निघण्यातला नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ आला. त्यांनी संगणकच काढून टाकला. खेळ थेट इलेक्ट्रॉनिक सर्किटांत ओतला. १९७२ चा ‘पाँग’ही तसाच, त्यात प्रोग्राम नावाची वस्तूच नव्हती. सनीव्हेलच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवलेलं पहिलं यंत्र काही दिवसांत बंद पडलं. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून अडकला होता. त्या डब्याने पुढच्या दहा वर्षांचा धंदा ठरवला. यंत्र विकत घेणारा हॉटेलवाला खेळाडू नव्हता आणि खेळाडू यंत्राचा मालक नव्हता. आत काय आहे हे बघण्याचं कारण दोघांनाही उरलं नाही, आणि जे दिसू नये त्याला कुलूप लागलं.

कुलपाआड फार सुंदर कामं झाली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादोने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. पाच रांगांत अकरा-अकरा, असे ५५ परग्रहवासी. जसजसे ते मरतात तसतसे उरलेले वेगाने सरकतात आणि खेळणाऱ्याचा श्वास वर चढतो. हा वेग कुणी आखून घातलेला नव्हता. ८०८० हा प्रोसेसर एका वेळी एकच परग्रहवासी पुढे सरकवत असे. पंचावन्नांची फेरी पुरी व्हायला वेळ लागे, पाचांची झटकन होई. यंत्राच्या दुबळेपणातून निघालेली ही गंमत निशिकादोने ओळखली आणि ठेवून घेतली. अख्खा खेळ ८ किलोबाइटांत. १९८० चा ‘पॅक-मॅन’ १६ किलोबाइटांत, चित्रांचे थोडे वेगळे. त्यातली चार भुतं चार स्वभावांची: लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवू पाहतं. पॅक-मॅनचं तोंड वर असलं की मात्र गुलाबी भुताचा नेम चुकतो आणि ते चार घरं डावीकडेही सरकवून हिशेब करतं. २५६ व्या पातळीवर पडद्याची उजवी बाजू कचऱ्याने भरते, कारण पातळीचा आकडा एका बाइटात ठेवलेला आणि एका बाइटात २५५ च्या पुढे जागा नाही. या गोष्टींचा कोड बनवणाऱ्या कंपन्यांनी कधी दाखवला नाही. हौशी लोकांनी चिपमधले आकडे उपसून, त्यांचा एकेक हुकूम ओळखत, वर्षानुवर्षं खपून त्या शोधून काढल्या. ज्या अभ्यासासाठी स्पेसवॉरच्या काळात फीत उचलणं पुरत होतं, त्यासाठी आता चोरवाटेने जावं लागत होतं.

या कुलपाच्या काळातही सॅमसनच्या जातीचे लोक संपले नव्हते. डग मॅक्रे आणि केविन करन हे एमआयटीतले दोन विद्यार्थी आर्केड यंत्रं चालवून पैसे कमवत. खेळाडू एकाच खेळाला कंटाळतात आणि नवं यंत्र महाग, म्हणून त्यांनी १९८१ मध्ये अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’वर बसवायचा एक जोड-संच तयार केला. जुनं यंत्र तेच, खेळ नवा. अटारीने दावा ठोकला. प्रकरण मिटलं, पण अट पडली की मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असे संच करायचे नाहीत. तोवर त्यांचा पॅक-मॅनवरचा संच तयार होता. तो घेऊन ते अमेरिकेत पॅक-मॅन विकणाऱ्या मिडवे कंपनीच्या दारात गेले. मिडवेने तो विकत घेतला आणि १९८२ मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ बाजारात आला. पुष्कळ जाणकार तो मूळ खेळापेक्षा सरस मानतात. मलाही तसंच वाटतं: चक्रव्यूह बदलते आहेत, फळं हिंडती आहेत आणि भुतांच्या चालीत थोडी अनिश्चितता आहे. अमेरिकेतला त्या काळचा एक सर्वांत यशस्वी आर्केड खेळ दुसऱ्याच्या खेळात केलेल्या दुरुस्तीतून जन्मला, ही गोष्ट आर्केडच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. तिच्यातलं कोर्ट मात्र सांगताना गळतं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि वेगळ्या वाटेने आलं. १९८४ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेखाली काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोचले. त्यावर बेसिक भाषा होती आणि ‘लिस्ट’ असं लिहिलं की बेसिकमध्ये लिहिलेल्या खेळाचा पूर्ण मजकूर पडद्यावर सरकत जाई. दहाच्या जागी वीस लिहिलं की चेंडू दुप्पट पळे. ज्या मुलांना ते मिळालं त्यांना खेळ आणि खेळाची कृती यांत भिंत असते हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण अशी मुलं थोडी. बाकीच्यांच्या वाट्याला नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लर आलं. अंधारी खोली, टोकन, आणि ‘मुस्तफा’. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण त्यातल्या एका पात्राचं नाव खेळाला देऊन सगळा देश मोकळा झाला. घरी टीव्हीला जोडायची नकली यंत्रं आली, कॅसेटवर ‘९९९९ गेम्स’ असं छापलेलं आणि आत तेच वीस-पंचवीस पुन्हा पुन्हा. नकलेवर चाललेलं हे जग होतं, त्यात मालकाची परवानगी नव्हती आणि खेळणाऱ्यालाही आतलं काही दिसत नव्हतं. खेळ फुकट मिळणं आणि खेळ खुला असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीला कळायचं काही साधनच नव्हतं.

कॅपकॉमनेच १९९३ पासून आपल्या पुढच्या यंत्रांत, सीपीएस-२ मध्ये, कुलपाची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि यंत्र कायमचं गप्प होतं. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही योजना. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतलं त्याचाही खेळ काही वर्षांनी त्याच्याच दुकानात मरत असे.

एमआयटीत परत यायला हवं, कारण पुढचा धागा तिथूनच निघतो. स्पेसवॉर ज्या मंडळींत वाढला, त्याच मंडळींतून तिथली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा उभी राहिली. रिचर्ड स्टॉलमन १९७१ पासून तिथे काम करत होता. प्रोग्राम सगळ्यांनी वाचायचा, सुधारायचा, पुढे द्यायचा हा रिवाज त्याने तिथे रोजच्या जगण्यात पाहिला. ऐंशीच्या सुरुवातीला ती मंडळी खासगी कंपन्यांत फुटली. प्रयोगशाळेला मिळालेल्या झेरॉक्सच्या नव्या प्रिंटरचा प्रोग्राम दुरुस्त करावा म्हणून त्याने सोर्स कोड मागितला तर नकार मिळाला. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ‘जीएनयू’ प्रकल्प जाहीर केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं आणि १९८९ मध्ये जीपीएल परवाना आला. त्याच्या मागणीत चार गोष्टी होत्या: प्रोग्राम हव्या त्या कामाला वापरता यावा, तो कसा चालतो हे अभ्यासता यावं आणि बदलता यावं, त्याच्या प्रती वाटता याव्यात, बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात. जीपीएलने पाचवी एक पाचर मारली, की पुढे देणाऱ्याने हेच हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत. स्पेसवॉरच्या खोलीत जे लिहून ठेवायची गरज पडली नव्हती, ते आता कायद्याच्या भाषेत लिहावं लागलं. ज्या १९८३ साली हे सुरू झालं त्याच साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण पुढे जुन्या खेळांच्या मृत कंपन्या आणि हरवलेले मूळ मजकूर पाहिले की त्या मला शेजारी शेजारी दिसतात.

खेळ हा या विचारात अवघड बसतो. प्रिंटरचा प्रोग्राम म्हणजे नुसता हिशेब. खेळात हिशेबाबरोबर चित्रं असतात, संगीत असतं, गोष्ट असते. ‘डूम’ या खेळाचा कोड आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरात खुला केला, १९९९ मध्ये जीपीएलखाली आणला, पण राक्षस, भिंती, आवाज मालकीचेच राहिले. मग ‘फ्रीडूम’ नावाने लोकांनी तेवढे राक्षस आणि तेवढ्या भिंती नव्याने काढल्या. चित्रांचा हा प्रश्न सुटायला वेळ लागला. २००९ मध्ये ‘ओपन गेम आर्ट’ हे भांडार सुरू झालं. २०१२ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, क्रिएटिव्ह कॉमन्स आणि हे भांडार यांनी मिळून ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ भरवला: आधी एका ठरीव शैलीतली खुली चित्रं गोळा करायची, मग त्यांतून खेळ बांधायचे. त्या स्पर्धेतली माणसं आणि झाडं आजही कुठल्या कुठल्या खेळांत फिरताना दिसतात.

या सगळ्यात ज्या एका माणसाची फार कमी चर्चा होते तो म्हणजे बिल केन्ड्रिक. जुने आर्केड आणि अटारीवरचे खेळ त्याच्या हाडीमाशी खिळलेले. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याने ते पुन्हा लिहिले. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’वरून ‘व्हेक्टरॉइड्स’, सर्कशीतल्या उड्यांच्या खेळावरून ‘सर्कस लिनक्स’, ‘काबूम’वरून ‘मॅड बॉम्बर’. सगळे जीपीएलखाली. नकला नव्हेत; चाल जुनी, कोड नवा, चित्रं नवी, आणि सगळं उघडं. खुल्या विचाराचा स्वतंत्र आर्केड खेळ म्हणजे काय, याचं इतकं नेटकं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही. हे करताना हाताशी आलेल्या युक्त्या वापरून त्याने २००२ मध्ये लहान मुलांसाठी ‘टक्स पेंट’ केला. आज तो मराठीतही चालतो. त्याला हे शक्य झालं ते १९९८ मध्ये सॅम लँटिंगाने खुल्या केलेल्या ‘एसडीएल’ या लायब्ररीमुळे; पडदा, आवाज आणि कळा यांची कटकट ती सांभाळते. २००० मध्ये तिच्यावर ‘पायगेम’ आलं आणि पायथन येणाऱ्या कुणालाही दोन-तीनशे ओळींत उडणारं यान जमू लागलं.

जुनी यंत्रं वाचवण्याचं काम दुसरीकडे चाललं होतं. इटलीच्या निकोला साल्मोरियाने १९९७ मध्ये ‘मेम’ सुरू केला. आर्केड यंत्राचं वागणं हुबेहूब संगणकात उतरवणारा हा प्रोग्राम. त्याचा कोड वाचायला खुला होता, पण परवान्यात धंद्याला मनाई होती, म्हणून स्टॉलमनच्या व्याख्येत तो बसत नव्हता. तो बसवायचा तर ज्यांनी ज्यांनी एकेक ओळ दिली त्या शेकडो लोकांची संमती हवी. ती गोळा करत करत २०१६ च्या मार्चमध्ये मेम पूर्ण खुला झाला. सीपीएस-२ च्या बॅटरीचं कुलूपही तोवर याच मंडळींनी उलगडलं होतं. ‘मुस्तफा’चा कोड मात्र अजून कॅपकॉमचाच आहे, मेम यंत्र देतो, खेळ नाही.

भारतात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची शाखा जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला सुरू झाली. तिच्या मुख्य कार्यकर्त्यांत मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन होते. त्याच सुमारास आमच्या घाटाखाली गोव्यात, परदेशी गेलेल्या गोवेकरांच्या मदतीने शाळांना वापरलेले संगणक आणि त्यांवर लिनक्स देण्याची धडपड झाली. मराठी मुलखापुरतं मला त्याहून मोलाचं वाटतं ते कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्याचं नाव. रायगड जिल्ह्यातल्या या वाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. पडद्याच्या दोन बाजूंना खेळाच्या यंत्रासारखी बटणं, एकीकडे चार दिशा, दुसरीकडे चौकोन, बरोबरची खूण, गोल, फुली. आणि कीबोर्डवर एक कळ, जी दाबली की समोरच्या प्रोग्रामचा सोर्स कोड दिसावा. योजना म्हणून त्या प्रकल्पावर पुष्कळ टीका झाली. शिक्षकाला बाजूला ठेवून यंत्र वाटणं चूक होतं, असं माझंही मत आहे. पण धनगरवाड्यातल्या मुलाच्या हातात खेळाची बटणं आणि कोड दाखवणारी कळ एकाच यंत्रावर येणं, ही पीडीपी-१ च्या खोलीनंतरची मोठी घटना होती. त्याच लॅपटॉपसाठी २००८ च्या जानेवारीत ‘सिमसिटी’चा कोडही जीपीएलखाली खुला झाला, ‘मायक्रोपोलिस’ या नावाने.

खेळ उघडा झाला तरी अक्षरं बंदच राहिली, आणि माझं सगळ्यात जास्त काम तिथेच आहे. आर्केडचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत कापलेला असतो. पॅक-मॅनच्या पडद्यावर अशा आडव्या २८ आणि उभ्या ३६ चौकटी. रोमन मोठी अक्षरं आठ बाय आठात निवांत बसतात. त्या लिपीला वर-खाली काही लागत नाही. देवनागरीला शिरोरेघ हवी, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. ‘कूर्म’ लिहायचा तर आठ ओळींत एक तर उकार तुटतो नाही तर रफार. सोळा ओळी घेतल्या तर जमतं. जीएनयूचा युनिफॉन्ट हा खुला ठिपक्यांचा टाइप सोळा ओळींचाच आहे, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. पण अक्षराचं चित्र असणं आणि अक्षरं जोडता येणं वेगळं. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर येते, दिसते व्यंजनाआधी. हा फेरफार करणारी ‘हार्फबझ’ नावाची खुली व्यवस्था आहे. एसडीएलच्या अक्षरभागात ती नीट जोडली गेली २०२२ मध्ये. ‘गोडो’ या खुल्या गेम-इंजिनात २०२३ च्या मार्चमध्ये, चौथ्या आवृत्तीत. त्याआधी गोडोत ‘किती’ लिहिलं की वेलांटी भलत्या जागी लटके.

दुसरा घोळ गुणतालिकेचा. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’च्या काळापासून, म्हणजे १९७९ पासून, जिंकणाऱ्याने आपल्या नावाची तीन अक्षरं टाकायची रीत आहे. मराठीत तीन अक्षरं म्हणजे किती? ‘क्षि’ हे कुणाही मुलाच्या लेखी एक अक्षर. संगणकाच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार. प्रोग्रामने आकडे मोजले तर क्षितिजाचं नाव ‘क्ष’ वरच कापलं जातं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीतली जोडाक्षरं एक गट म्हणून मोजायचा नियम आणला. नियमाला इतका उशीर झाला हे मला आजही खटकतं. साठ वर्षं खेळ लिहिणाऱ्या बहुतेकांच्या लिपीत जोडाक्षरं नव्हती, म्हणून तो प्रश्न फारसा कुणाला पडलाच नव्हता. हार्फबझ, युनिफॉन्ट, गोडो उघडे होते म्हणूनच बाहेरच्या लिपीवाल्यांना आत शिरून दुरुस्ती करता आली.

गोडोचं नाव निघालं तर त्याचा पाया सांगतो. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी तो २०१४ मध्ये खुला केला. वापरणाऱ्यांची झुंबड मात्र उडाली २०२३ मध्ये. त्या सप्टेंबरात युनिटी या दुसऱ्या, मालकीच्या इंजिनाच्या कंपनीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेनंतर खेळ जितक्या यंत्रांवर बसवला जाईल तितक्यांदा खेळ लिहिणाऱ्याने पैसे द्यायचे. गदारोळ झाला. अटी सौम्य झाल्या, आणि वर्षाने ते शुल्कच रद्द झालं. पण तेवढ्या काळात स्वतंत्रपणे खेळ लिहिणाऱ्या कितीतरी जणांना कळलं की नाण्याची फट आता आपल्या बाजूला बसवता येते.

माझा कंदांचा खेळ गोडोत आहे. जमीन खणत जायची कल्पना ‘डिग डग’ची, नामकोची, १९८२ ची. खेळाची चाल कुणाच्या मालकीची नसते, रूप असतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने ‘टेट्रिस’सारखा दिसणारा दुसरा खेळ याच भेदावर अडवला, आणि गनोम प्रकल्पाने त्याआधीच आपला ‘ग्नोमट्रिस’ नाव बदलून ‘क्वाड्रापासेल’ केला होता. म्हणून डुक्कर, माती, खणणारी बाई, पाऊस हे सगळं इथलं बघून नव्याने काढलं. कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली. चित्रं आणि आवाज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तसंच पुढे द्या’ या परवान्याखाली. २०१५ पासून या परवान्यातलं काम जीपीएलच्या कामात मिसळता येतं, उलट नाही. अख्खा खेळ पेनड्राइव्हवर मावतो, जुन्या लॅपटॉपवर चालतो, खातं मागत नाही, रेंज मागत नाही. ज्या गावात ती नाही तिथे हे तत्त्वापेक्षा सोयीचं आहे.

पातळ्या साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवल्या आहेत: एका ओळीत खडक, माती, कंद यांच्या खुणा, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतील अशा. कंदांची नावं वेगळ्या फाइलीत, मराठी आणि कन्नड तयार आहेत, कुणबी घरांतली नावं बायकांना विचारून भरतो आहे, कारण एकाच कंदाला तीन वस्त्यांत तीन नावं निघतात. आमच्याच तालुक्यातल्या जगलबेटच्या कुणी त्यात आपलं नाव घातलं, डुकराचा वेग वाढवला, नवी पातळी बांधली आणि पुढे दिली, तर मला विचारायचं कारण नाही. फक्त त्याने केलेला बदलही याच अटींवर उघडा द्यायचा. सोळा ओळींच्या टाइपातली ट्ठ, ङ्क, द्ध्य अशी जोडाक्षरं अजून काढायची आहेत, आणि कन्नडचे खाली लोंबणारे ओत्तक्षर दोन मजली झाले की खालच्या चौकटीत घुसतात. त्यासाठी त्या भाषेची ओळ वीस ठिपक्यांची करावी लागणार असं दिसतं.